शनीची अंगठी

"एवढ्या उड्या कुणी घातल्या गं ह्या खेळात?" झिम्म्याची टाळी देता देता विजयमालाकाकी वृषालीच्या कानाशी पुटपुटल्या. "आमच्या वेळी निम्मी मंगळागौर बसूनच व्हायची. उखाणे घ्यायचे, एकमेकींच्या सासवांना नावं ठेवायची, दमलं की चहा. ही मेघना आपल्याला सर्कशीत भरती करून सोडणार, बघ तू."

वृषालीला हसू फुटलं आणि तिनं ते लगेच आवळून धरलं. कितीतरी वर्षं हसण्याआधी ती पाय जुळवून उभी राहायची. खोकण्याआधी, शिंकण्याआधी, भाजीची पिशवी उचलण्याआधीसुद्धा. बघणाऱ्याला वाटायचं, काय शालीन बाई आहे!

सांगलीत, विश्रामबागेतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये 'हिरवाई' मंडळाची तालीम चालली होती. मंगळागौर खरं तर नव्या नवरीची. श्रावणातल्या मंगळवारी तिनं गौर पुजायची आणि मैत्रिणी जमवून झिम्मा-फुगड्यांनी रात्र जागवायची. पण हल्लीच्या नव्या नवऱ्या कुठं टोरांटोत, कुठं बंगळुरात. त्या आपापल्या पडद्यावरून गौरीला नमस्कार करून मोकळ्या व्हायच्या, आणि फुगड्या मात्र त्यांच्या आयांच्या नि मावश्यांच्या वाट्याला आल्या होत्या. पन्नाशीच्या अल्याड-पल्याडच्या बायका नऊवारी नेसून स्पर्धांमधून घुमायच्या, बक्षिसं आणायच्या. 'हिरवाई'ला यंदा जिल्ह्याची ढाल हवी होती.

मंडळात काही गोष्टी कुणी न ठरवता ठरल्या होत्या. तालमीआधी कुणी चहा घेत नसे. शिट्टी वाजायच्या बेताला प्रत्येकीला काहीतरी आठवे. एकीला पदराला पिन लावायची असे, एकीला सुनेला फोन करायचा असे, आणि ही सगळी कामं नेमकी हॉलच्या मागच्या बाथरूममध्येच उरकायची असत. स्पर्धेसाठी साड्या निवडायची वेळ आली तेव्हा दुकानदारानं फार सुंदर मोतिया रंग दाखवला. सगळ्याजणी एका सुरात "गडद जांभळा" म्हणाल्या. "डाग दिसत नाहीत," एक जण बोलून गेली आणि घाईघाईनं पुढं म्हणाली, "हळदीकुंकवाचे."

आणि त्या वर्षी सांगलीत शनीचा फारच प्रकोप होता. मंडळातल्या एकेकीच्या बोटात राखाडी खड्याची, जरा जाडच अंगठी दिसायला लागली होती. "गुरुजींनी सांगितलीय," एक म्हणे. "साडेसाती चालू आहे," दुसरी. मंडळाची प्रमुख मेघना मगदूम शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेली, गळ्यातली शिट्टी तिनं अजून उतरवली नव्हती. तिच्याही बोटात तसलीच अंगठी होती. "माझी पावलं मोजायची आहे," ती म्हणायची. वृषालीनंही आपली शनीची म्हणून सांगून टाकली होती. कुणीच कुणाला फार खोलात शिरून विचारलं नाही. विजयमालाकाकींच्या बोटात तेवढी अंगठी नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या, तासगावच्या मातीत वाढलेल्या काकींवर शनीची वक्रदृष्टी नसावी.

"बसफुगडी!" मेघनानं पुकारा केला.

बसफुगडीत उकिडवं बसून जोडीदारणीचे हात धरायचे आणि बसल्या बसल्या उड्या मारत पाय आळीपाळीनं पुढं फेकायचे. वृषालीची जोडी मेघनाशी. शिट्टी दातांत धरूनच मेघना उड्या मारायची आणि तालावर फुंकायची.

सुरुवातीच्या उड्यांतच वृषालीला ते कळलं. आत कुठंतरी कडी निसटावी तसं झालं. आधी कोमट, मग लगेच गार. आणि त्या दिवशी तिनं पॅड लावलं नव्हतं. कशाला लावेल? कमरेत दाणा बसवून घेतला होता ना, त्याच्याच भरवशावर तर ती आली होती. हा दाणा काय प्रकार आहे ते पुढं येईलच. त्या दिवशी त्यानं दगा दिला, एवढं खरं.

खेळ थांबला तशी ती झटकन उठली. गडद साडीवर काही दिसत नव्हतं. पण खालच्या निळ्या मॅटवर तळहाताएवढी ओल होती. पुसायचं फडकं आणायला ती हॉलच्या मागं धावली. फडकं घेऊन परतते तो काय, दमलेल्या विजयमालाकाकी "आई गं, माझे गुडघे" म्हणत नेमक्या तिथंच बसल्या होत्या. अंगावर त्यांची रोजची मऊ साडी, पिस्ता रंगाची.

"उठा काकी, पिंगा धरू," मेघना म्हणाली.

काकी उठल्या. साडीवर मागं गडद डाग, खाली मॅटवर ओल.

एकेकीनं आपापला पदर सारखा केला.

"पाणी सांडलं वाटतं," कुणीतरी म्हणालं.

"हो, पाणीच."

"बाटली असेल कुणाची तरी."

बाटल्या सगळ्या भिंतीकडेला ओळीनं उभ्या होत्या, झाकणं घट्ट लावलेल्या. काकींनी हात मागं नेला, साडी चाचपली, मग तो हात पुढं आणून स्वतःकडंच बघितलं. त्यांचा चेहरा वृषालीला पुढं कितीतरी दिवस डोळ्यांपुढून हलवता आला नाही. मग त्या वृषालीकडं आल्या, तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि म्हणाल्या, "दे गं. मी पुसते."

आणि गुडघे दुखत असताना खाली बसून त्यांनी ते पुसलं.

वृषालीनं अंगठी मुठीत झाकून घेतली होती.

०

संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर मेघनाचा निरोप आला. शब्द फार गोड होते. काकींच्या वयाचा विचार करता त्यांना यंदा उड्यांचे खेळ नकोत, त्यांनी खुर्चीवर बसून घागर फुंकावी, त्यांच्याशिवाय मंडळाला शोभा नाही. खाली एकेकीनं हात जोडलेली चित्रं पाठवली. वृषालीनंही पाठवलं. तिच्या अंगठ्यानं ते परस्पर करून टाकलं, तिनं फक्त बघितलं.

मग फोन आपणहून उजळला. दाण्याचा रोजचा प्रश्न: 'आज कधी गळालं का?' खाली दोन चौकोन, हो आणि नाही.

तिनं खोलीत इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. तरी तिनं 'नाही' दाबलं.

"तू माझ्यावर रागावलीस का?" दारातून अविनाशनं विचारलं. तिचा नवरा. साधा माणूस, महापालिकेत पाणीपुरवठ्यात होता. गळकी पाइपलाइन कुठं आहे हे रस्त्याला कान लावून सांगायचा. "वर्ष झालं तू दिवाणावर झोपतेस. मी घोरतो म्हणालीस, मी नाकाला पट्ट्या लावायला लागलो. आता तर घोरतही नाही."

"तसं काही नाही हो."

"मग कसं आहे?"

"मला पहाटे लवकर उठायचं असतं," ती म्हणाली. तो आत गेला. आतून नाकाची पट्टी उघडल्याचा आवाज आला.

०

सानिया मुजावरचं केंद्र मिरज रस्त्यावर होतं. खाली दंतवैद्य, वर सानिया, आणि जिना एकच. जिन्यात ओळखीचं कुणी भेटलं की बायका गालाला हात लावायच्या. "अक्कलदाढ," म्हणायच्या. सांगलीतल्या बायकांना उतारवयात इतक्या अक्कलदाढा येताना बघून दंतवैद्य चक्रावून गेला असता, पण त्याच्या दारापुढून त्या नुसत्याच वर जायच्या.

सानिया तिशीची होती, फिजिओथेरपिस्ट. पहिल्या भेटीत तिनं वृषालीला सगळं चित्र काढून दाखवलं होतं. "काकू, ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक वीण असते. बाजेची नवार असते ना, तशी. मूत्राशय, गर्भाशय, आतडं, सगळं त्या नवारीवर बसलेलं. बाळंतपणात ती ताणली जाते, पाळी गेल्यावर आणखी सैल पडते. आपण खोकलो किंवा उडी मारली की पोटातला दाब वरून तिच्यावर आदळतो. तब्येत धड असली की दाब पोचायच्या आधीच नवार आपोआप आवळली जाते. तुमची जरा उशिरा आवळते. डोळ्याची पापणी लवायलाही जास्त वेळ लागेल एवढाच उशीर. पण तेवढ्यात..."

"कळलं," वृषाली घाईनं म्हणाली होती.

उपाय पुष्कळ होते. सगळ्यांत आधी व्यायाम. नवार रोज आवळायची, सोडायची, चिकाटीनं काही महिने. कितीतरी जणींना तेवढाच पुरतो, असं सानिया पुनःपुन्हा म्हणाली. आत बसवायची सिलिकॉनची कडी होती, अवयव खाली उतरला असेल तर तिचा आधार होई. पट्टी घालून मूत्रमार्गाला टेकू द्यायचं ऑपरेशन होतं. आणि नवा आलेला तो दाणा. तांदळाएवढा. सुईनं माकडहाडापाशी, नवारीला जाणाऱ्या मज्जातंतूच्या शेजारी ठेवायचा. पोटावर कातडीच्या रंगाची चकती चिकटवायची. उडी मारायच्या आधी पोटाचे स्नायू ताठ व्हायला लागतात ते चकतीला कळतं, ती दाण्याला सांगते, दाणा मज्जातंतूला टोचणी देतो आणि नवार वेळेवर आवळली जाते. झालेला उशीर तेवढा भरून काढायचा.

वृषालीनं व्यायाम सुरू केले आणि आठवड्यात सोडले. दाणा मात्र हौसेनं बसवला. कुणालाही न दिसता, कुणालाही न सांगता होणारी गोष्ट होती ती.

"दाण्यात ताकद थोडी आहे," सानियानं तेव्हाच बजावलं होतं. "पावलागणिक जागा झाला तर दुपारपर्यंत रिता होईल. म्हणून कधी जागायचं नि कधी झोपायचं हे तो तुमच्याकडून शिकतो. त्याला उडी कळते, खोकला कळतो, ओल मात्र कळत नाही. गळालं की अंगठी दोनदा दाबायची. बारीक लाल ठिपका लागेल. बस. एवढंच तुमचं काम."

आज सानिया पडद्याकडं बघत बसली होती.

"एकदाही दाबली नाहीत, काकू?"

"नाही."

"म्हणजे गळालंच नाही?"

"नाही." वृषालीनं पर्सचा बंद सारखा केला.

सानियानं खुर्ची वळवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता. "मग तुम्ही आज आलात कशाला?"

वृषालीनं पर्सचा बंद पुन्हा सारखा केला.

"काकू, मी एक सांगते, ते तुमच्याबद्दल आहे असं समजू नका. नवा दाणा बसला की तो कोरा नसतो. आसपासच्या बायकांच्या दाण्यांनी जे शिकलेलं असतं, तेच त्याला आधी शिकवून पाठवतात. चाचणीच्या वेळी बायका डॉक्टरांसमोर होत्या, तेव्हा तो झकास चालला. आपल्याकडं आला आणि हळूहळू झोपी गेला. मला कळेना, का. मग मी सगळ्यांचा आलेख एकत्र काढला. आपल्या भागातल्या बायकांना फुगडी घालताना गळत नाही. जिना चढताना नाही, हसताना नाही. पडद्यावर आपण सगळ्या ठणठणीत कोरड्या आहोत. दाण्याला वाटतं, इथं कशाला जागायचं?"

"मग ओल ओळखणारं काहीतरी..."

"पट्टी दिली होती. बायकांनी ती पुडीतून बाहेरच काढली नाही." सानिया हसली. "त्याला लाज ठाऊक नाही हो. आपण गप्प बसलो आणि तो गप्प बसायला शिकला. आता आपलीच लाज आपल्या कमरेत जाऊन बसलीय."

"किती जणी आहेत अशा?" वृषालीनं हळूच विचारलं.

"नावं नाही सांगता येणार. पण ह्या जिन्यात जेवढ्यांच्या दाढा दुखतात ना, तेवढ्या."

वृषालीच्या डोळ्यांपुढून एकेक बोट सरकत गेलं. राखाडी खडे. गुरुजी. साडेसाती. पावलं मोजायची.

"तुमचं खरंच काही नाही ना?" सानियानं दाराशी पुन्हा विचारलं.

"नाही गं. खरंच नाही."

उतरताना जिन्यात कुणी नव्हतं. तरी तिचा हात गालाला गेला.

०

काकींच्या घरी ती शेंगदाण्याची चटणी घेऊन गेली. नुसतं जायचं तर कारण काय सांगणार? काकी एकट्या राहायच्या, मुलगा बंगळुरात. दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला. आत फिनाइलचा वास होता. सोफ्यावर, खुर्च्यांवर, पलंगावर प्लास्टिक अंथरलेलं. ओट्यावर तांब्या पालथा.

"बस. त्याच्यावरच बस, चुरचुर वाजतं जरा," काकी म्हणाल्या. त्यांचे ओठ सुकून फुटले होते.

"बरं नाही का काकी?"

"बरी आहे की. पाणी कमी केलंय तेवढं. दुपारनंतर घेतच नाही. गणपतीला जाणं सोडलंय, देवळात आपलं नको." त्या प्लास्टिकची घडी सारखी करत राहिल्या. "तुला सांगते वृषाली, चार बाळंतपणं झाली माझी, दोन तर शेतावरनं आल्या आल्या. कधी थेंब नाही. मला गर्व होता बघ. तुम्ही सगळ्या शिट्टीआधी रांगेनं पळायच्या, तर मी मनात हसायचे. तुम्हाला काय वाटलं, म्हातारीला काही कळत नाही?"

वृषालीनं चटणीचा डबा पुढं सरकवला.

"झालं त्याचं काही नाही गं. माणसाचं शरीर आहे. पण मला कळलंच नाही!" काकींचा आवाज बारीक झाला. "आलं, येतंय, काहीतरी तर कळायला पाहिजे होतं. आपलं शरीर आपल्याला न सांगता असं करायला लागलं, तर उद्या आणखी काय काय करंल? रात्री झोपायला भीती वाटते."

आता, वृषालीनं स्वतःला सांगितलं. आत्ता. एक वाक्य आहे.

"काकी," ती म्हणाली, "पाणी प्या हो."

"पिते की." काकींनी पेल्यात बोटभर पाणी घेतलं, ओठ ओले केले आणि पेला ठेवून दिला. "ते दाण्याचं ऐकलंय मी. सुईनं बसवतात म्हणे. गुरुवारी जाऊन येते. येशील सोबत? एकटीला जायला लाज वाटते."

"येईन," वृषाली म्हणाली. सानिया तपासेल, काही नाही म्हणून सांगेल, हे तिला माहीत होतं. आणि काकी त्यावर विश्वास ठेवणार नाहीत, हेही. ओली साडी त्यांनी स्वतःच्या हातांनी चाचपली होती.

बाहेर पडल्यावर ती जिन्याच्या वळणावर थांबली. तिनं अंगठी दोनदा दाबली. खड्यात बारीक लाल ठिपका लागला, विझला. मग फोन काढून मागचं मागचंही नोंदवायला लागली. बसफुगडीचं. भाचीच्या लग्नातल्या पंगतीचं. अविनाशनं केलेल्या विनोदाचं, ज्यावर हसता हसता ती एकदम उठून गेली होती आणि तो बिचारा शब्द परत घेत बसला होता. यंत्रापुढची लाज जायला अर्धा जिना पुरला. माणसांपुढच्या लाजेला किती जिने लागतात, कुणास ठाऊक.

०

दाणा खरंच शिकाऊ होता. रविवारी मसाला परतताना तिला सणसणीत शिंक आली. पाय जुळवायला वेळच मिळाला नाही, आणि तेवढ्यात आत कुणीतरी चटकन नाडी ओढावी तसं झालं. कोरडी. ती कालथा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मुद्दाम खोकून पाहिलं, स्वयंपाकघरात एक उडी मारून पाहिली. कोरडी! तिला नाचावंसं वाटलं. मग लगेच मनात आलं, आता तर काही सांगायची गरजच उरली नाही. आता तिला काही होतच नाही. झालं ते सांडलेलं पाणी.

ह्या विचाराची तिला जेवढी लाज वाटली, तेवढी त्या ओलीचीही कधी वाटली नव्हती.

बुधवारी रंगीत तालीम होती. सगळ्या गडद जांभळ्या साड्यांत, नथी-बिथी घालून. हॉलच्या कडेला एक खुर्ची ठेवली होती आणि तिच्यावर स्वच्छ, नवं प्लास्टिक, चारही कोपऱ्यांना नीट खोचलेलं. मेघनानंच खोचलं होतं, प्रेमानं. "काकी, तुमच्या सोयीसाठी," ती हळूच म्हणाली. काकींनी मान डोलावली आणि घागर मांडीवर घेऊन बसल्या. प्लास्टिक चुरचुरलं. सगळ्याजणी छताकडं, पंख्याकडं, आपापल्या काठांकडं बघायला लागल्या.

खेळ सुरू झाले. वृषाली उड्या मारत होती आणि दाणा जागा होता. मग बसफुगडी आली. मेघनाचे हात, दातांत शिट्टी, खाली निळी मॅट.

ह्याच वेळी काकींनी घागर फुंकायची होती. घागरीच्या तोंडाशी ओठ नेऊन फुंकलं की आतून कसा घुमणारा, भरलेला आवाज येतो. तालुक्यात काकींसारखी घागर कुणी फुंकत नसे. काकींनी ओठ टेकवले. नुसतीच हवा. पुन्हा फुंकलं. फुसफुस. त्यांनी कोरड्या जिभेनं ओठ ओले करायचा प्रयत्न केला, तेही जमेना. तिसऱ्यांदा फुंकताना त्यांना भोवळ आली आणि त्यांनी खुर्चीचा हात धरला.

वृषालीनं मेघनाचे हात सोडून दिले.

फुगडीत हात सोडायचे नसतात, हे लहान पोरीलाही ठाऊक असतं. मेघना मागच्या मागं दाणकन बसली, शिट्टी दातांतून टुरुक करून वाजली. "अगं बाई! सोडलंस काय!"

वृषाली उभी राहिली होती. "ते काकींचं नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी मॅटवर. ते काकींचं नव्हतं. माझं होतं."

गाणं कुणीतरी बंद केलं. मेघना अजून खालीच होती. एकीनं हात पुढं केला, तरी ती उठेना.

"तुझं म्हणजे," मेघना खालूनच, सावधपणे म्हणाली, "बाटली ना? तुझी बाटली सांडली होती."

"हो हो, बाटलीच," दुसरी म्हणाली.

"झाकण सैल असतं हो त्या नव्या बाटल्यांचं," तिसरी.

वृषालीनं सगळ्यांकडं बघितलं. किती मायेनं दार उघडून धरलं होतं बायांनी तिच्यासाठी! नुसती मान हलवायची होती. काकीही सुटल्या असत्या, तीही सुटली असती. उद्या सगळ्याजणी पुन्हा पदराला पिन लावायला पळाल्या असत्या, दाणे पुन्हा झोपी गेले असते.

"बाटली होती का गं?" काकींनी विचारलं. त्यांच्या आवाजात आशाही होती आणि अविश्वासही.

"नाही, काकी." वृषालीनं अंगठीचा हात पाठीमागून पुढं आणला. "ही शनीची नाही. आणि ते पाणी नव्हतं. बसफुगडी घालताना मला लघवी सुटली. उडी मारली की सुटते. खोकले की सुटते, हसले की सुटते. माझी लेक ओवी झाल्यापासनं, चोवीस वर्षं. मी फडकं आणायला गेले तेवढ्यात तुम्ही तिथं बसलात. मी बघितलं. मला सांगता आलं असतं. तुम्ही माझ्या हातातनं फडकं घेतलंत आणि मी ते दिलं."

काकी तिच्याकडं बघत राहिल्या. इतका वेळ बघत राहिल्या, की वृषालीला वाटलं आता त्या उठून निघून जातील, आणि जायलाच हवं त्यांनी.

"पाणी दे," काकी म्हणाल्या.

वृषालीनं स्वतःची बाटली उघडून दिली. काकींनी ती तोंडाला लावली आणि एका दमात, गळ्याची शीर हलवत, रिकामी केली. पदरानं तोंड पुसलं. "सटवे," त्या म्हणाल्या, "इतके दिवस मला तहानलेली ठेवलीस."

मग घागर खाली ठेवून त्या उठल्या. खुर्चीवरच्या प्लास्टिकचा एकेक कोपरा काढला, झटकलं, नीट चौकोनी घडी घातली आणि ती हातावर ठेवून सगळ्या जांभळ्या साड्यांवरून नजर फिरवली. राखाडी खडे एकेक करून पदराखाली जायला लागले.

"हे आता कुणाला पाहिजे?" काकींनी विचारलं.

अंगठ्या पदरात, नजरा मॅटवर.

खाली बसलेल्या मेघनानं गळ्यातली शिट्टी काढून बाजूला ठेवली. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"इकडं द्या, काकी," ती म्हणाली. "मगाशी पडले ना, तेव्हा माझीपण झालीय."